कृष्णगिरीचे प्रथमदर्शन

नव्या स्थळी गेलेल्या माणसास पहिल्या प्रहरी जे वाटते, त्यास किती किंमत द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता प्रवासवर्णने लिहिणाऱ्यांपुरता आहे असे दिसेल. परंतु आपण सारेच रोज कोणत्या ना कोणत्या नव्या घरी, नव्या गावी, नव्या माणसापाशी प्रथमच जात असतो आणि परतताना काही एक मत पदरात बांधून आणतो. मुलीसाठी स्थळ पाहावयास गेलेली वडील मंडळी अर्ध्या तासात, चहाचा पेला खाली ठेवण्यापूर्वी, एका घराण्याच्या तीन पिढ्यांची परीक्षा करून मोकळी होतात. नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराचा निकाल पुष्कळदा तो खुर्चीवर बसण्याच्या आधीच लागलेला असतो. त्या निकालाने ज्याचे बरेवाईट व्हावयाचे तो समोर असतो. निकाल मात्र त्यास विचारून होत नाही. तेव्हा हा प्रश्न नीतीचाही आहे. आम्ही त्याचा विचार येथे एका डोंगरातील जुन्या नगराच्या निमित्ताने करणार आहोत, कारण त्या नगराविषयी आमच्या स्वतःच्या हातून या बाबतीत एक अपराध घडलेला आहे.

ते नगर आमच्या घरापासून दोन कोसांवर आहे. बोरिवलीस रेल्वेमार्गाच्या पूर्वेस राष्ट्रीय उद्यानाचे दार आहे. तेथून सुमारे सहा-सात किलोमीटर रस्ता झाडीतून चढत जातो आणि कान्हेरीच्या पायथ्याशी थांबतो. लेण्यांतील जुन्या लेखांत या डोंगराचे नाव कण्हगिरी, कृष्णगिरी असे येते. काळ्या पाषाणावरून ते पडले असावे. डोंगराच्या अंगावर, मधल्या ओढ्याच्या दोन्ही तीरांनी, एकावर एक अशा ओळींनी शंभराहून अधिक लेणी खोदलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास येथे टाकी-छिन्नीचा आवाज सुरू झाला आणि तो थांबत-थांबत हजार वर्षांच्या आसपास चालू राहिला. यास 'लेणी' म्हणण्याची रूढी आहे. परंतु लेणे म्हटले म्हणजे पाहण्याची वस्तू डोळ्यांपुढे येते. येथे खोल्या आहेत, ओसऱ्या आहेत, ओसरीबाहेर बसावयाचे दगडी ओटे आहेत, एका घरातून दुसऱ्याकडे जाण्याच्या पायऱ्या आहेत, दाराशी पाण्याचे टाके आहे. ज्यास आपण वस्ती म्हणतो तिची सारी अंगे येथे आहेत. म्हणून आम्ही नगर म्हणतो.

आम्ही तेथे प्रथम गेलो त्यास आता पस्तीस वर्षे होऊन गेली. पौषाचे दिवस होते, ऊन कोवळे होते, आणि आमच्याबरोबर बोलका असा कोणी सोबती नव्हता. मोठ्या चैत्यगृहाच्या ओसरीत शिरताच दोन्ही बाजूंच्या भिंतींवर उभ्या असलेल्या, माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीच्या बुद्धमूर्ती दिसल्या आणि आमचे पाऊल थबकले. आत अर्धवट अंधारात खांबांच्या दोन रांगा. त्यांतील काहींवर हत्ती, घट, माणसे अशी कोरणी, आणि उरलेले निव्वळ अष्टकोनी, कोणी काम अर्धे टाकून जेवावयास उठून गेल्यासारखे. मग वर चढत गेलो. खोल्यांमागून खोल्या, साऱ्या रिकाम्या. दगडी बाकावर हात ठेवला तो गार लागला. सर्वत्र शांतता. आम्हांस वाटले, जगाचा व्यवहार ज्यांनी टाकून दिला अशा माणसांचे हे घर. येथे पैसा, देणेघेणे, बाजार यांचा वारा कधी शिरला नसेल. आणि ती माणसे गेल्यापासून येथे कोणीच राहिलेले नाही. घरी आल्यावर त्याच भरात आम्ही एक लेख लिहिला. एका लहानशा नियतकालिकाने तो छापला. त्यात 'निर्मनुष्य नगरी' हा शब्द तीन वेळा आला होता, आणि तो शब्द सुचल्याचा आम्हांस फार आनंद झाला होता, हेही कबूल करतो.

त्या लेखातील बहुतेक वाक्ये खोटी होती. ती कशी, हे कळावयास आम्हांस काही वर्षे लागली.

आधी वैराग्याची गोष्ट घेऊ. कान्हेरीच्या भिंतींवर कोरलेले शंभराच्या घरातील लेख पंडितांनी वाचून ठेविले आहेत. शोभना गोखले यांचा त्यांवरील ग्रंथ १९९१ साली निघाला. ते लेख वाचू लागलो तो आमच्या विरक्त नगरीत पहिल्याच पानावर पैसा निघाला. कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा व्यापारी, चेऊलचा, नाशिकचा, सोनार, लोहार, गृहस्थ, त्यांच्या बायका, भिक्षू आणि भिक्षुणीही. कोणी खोली खोदून दिली, कोणी पाण्याचे टाके, कोणी बसावयाचा ओटा, कोणी नुसती पायवाट. दान देताना 'अक्षयनीवी' ठेवण्याची चाल होती, म्हणजे मुद्दल कधी मोडावयाचे नाही, व्याजावर भिक्षूंच्या चीवराचा खर्च चालवावयाचा. एका लेखात मंगलस्थान गावच्या शेताचे दान आहे. हे मंगलस्थान म्हणजे आजचे मागाठाणे. जेथून आमची बस रोज धूर सोडीत जाते, तेथल्या शेताच्या उत्पन्नातून डोंगरावरच्या भिक्षूच्या अंगावर वस्त्र येत होते! पुढे राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी, शके ७७५ मध्ये, गौड देशाहून आलेल्या गोमिन अविघ्नाकर नावाच्या उपासकाने येथे शंभर द्रम्म ठेविले. त्याच काळच्या दुसऱ्या एका लेखात पूजा, डागडुजी, वस्त्रे आणि ग्रंथ यांसाठी वेगवेगळी तरतूद सांगितली आहे. तीत ग्रंथांच्या वाट्यास सर्वांत थोडी रक्कम आली आहे, हे वाचून मासिके चालविणाऱ्या मंडळींना फारसे नवल वाटणार नाही.

म्हणजे ज्यास आम्ही व्यवहाराचा त्याग समजलो, तो अत्यंत दक्ष व्यवहाराच्या पायावर उभा होता. शेकडो माणसे भिक्षेवर जगावयाची तर भिक्षा देणारी हजारो माणसे खाली बंदरांत राबत असावी लागतात, आणि मध्ये कोणी तरी हिशेब ठेवणारा लागतो. यामुळे त्या भिक्षूंविषयी आमचा आदर कमी झाला नाही. उलट, संसार न करणाऱ्याने संसाराचे ऋण भिंतीवर खोल अक्षरांत कोरून ठेवावे, लोहाराच्या पायवाटेचीही नोंद करावी, यात आमच्या भाबड्या कल्पनेतील विरक्तीहून अधिक मोठे काही आहे असे आम्हांस वाटू लागले. शांतताही आमचीच होती. जेथे इतकी टाकी, इतक्या पायऱ्या आणि इतका राबता, तेथे पहाटेपासून घागरींचा, पठणाचा, छिन्नीचा आवाज घुमत असला पाहिजे. आम्ही गेलो तेव्हा आवाज थांबून सुमारे हजार वर्षे झाली होती, आणि त्या थांबण्यासच आम्ही त्या जागेचा स्वभाव समजलो.

आपल्याकडील नैयायिकांनी प्रत्यक्ष ज्ञानाच्या दोन पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली निर्विकल्पक, जीत वस्तू नुसती भासते, तिला नाव नसते, जात नसते. दुसरी सविकल्पक, जीत 'हे अमुक आहे' असे आपण म्हणतो. भ्रम शिरतो तो या दुसऱ्या पायरीवर. शिंपल्यावर रुपे दिसते ते डोळे बिघडले म्हणून नव्हे; चकाकी खरीच असते. परंतु पाहणाऱ्याने रुपे पूर्वी कोठे तरी पाहिलेले असते, आणि बहुधा ते त्यास हवेही असते. आपण ज्यास मोठ्या अभिमानाने 'पहिला ठसा' म्हणतो, तो या हिशेबाने पहिला नसतोच. दगड गार लागला, पाऊल थबकले, येथवर तो पहिला. 'वैराग्य', 'निर्मनुष्य' हे शब्द आम्ही घरून नेले होते. शहराच्या गर्दीला कंटाळलेल्या माणसास जे रुपे हवे असते ते आम्हांस त्या शिंपल्यावर दिसले, इतकेच.

येथवरची चूक निरुपद्रवी आहे. मेलेल्या भिक्षूंविषयी आम्ही खोटे लिहिले. ते रागावणार नव्हते. 'निर्मनुष्य' या शब्दाची गोष्ट तशी नाही.

त्या लेखानंतर काही वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा उन्हाळा होता. लेण्यांच्या वाटेवर काही बाया टोपल्या घेऊन बसतात. ऋतूप्रमाणे करवंदे, जांभळे, ताडगोळे, काकड्या विकतात. एकीपाशी आम्ही काकडी घेतली. ती चिरून मीठ-तिखट लावीत असताना आम्ही, पाहुण्यास शोभेल अशा मोठेपणाने, तिला म्हणालो, "या डोंगरात पूर्वी केवढी वस्ती होती, आणि आता कोणीच राहत नाही, नाही का?"

तिने हात थांबवून आमच्याकडे पाहिले. "कोणी राहत नाही कसे, काका? मग आम्ही रोज येतो ते कुठून?"

आम्ही काहीबाही बोललो. ती पुढे म्हणाली, "माझी आजी इथलीच. तिची आईसुद्धा. तुम्ही बसने येता, म्हणून तुम्हांला पाडा लागत नाही."

तिने हे रागाने म्हटले नाही, आणि काकडीचे पैसेही नेहमीचेच घेतले. परंतु 'पाडा लागत नाही' हे तिचे शब्द आमच्या मनातून गेले नाहीत. या डोंगरात वारली, महादेव कोळी आदी लोकांचे पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांची घरे दगडात खोदलेली नसतात. कुडाची असतात, शेणाने सारवलेली असतात, आणि हजार वर्षे टिकावयाची नसतात. म्हणून ती आमच्या डोळ्यांस नगर वाटली नाहीत, वस्तीही वाटली नाहीत. झाडीचाच एक भाग वाटली. ज्या डोळ्यांना मेलेल्यांच्या खोल्यांत माणसे दिसत होती, त्यांना जिवंत माणसे दिसली नव्हती.

हा नुसता दृष्टिदोष म्हणून सोडून देता आला असता, जर त्या शब्दाला हातपाय नसते. परंतु 'येथे कोणी नाही' हे वाक्य जगात फार कामे करते. मुंबईची तहान भागविण्यासाठी याच डोंगररांगेत १८६० साली विहार तलाव पुरा झाला, १८७९ साली तुळशी. पुढे उद्यान झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर मूळचा कोण व मागाहून आलेला कोण, हा वाद वर्षानुवर्षे चालला. तलाव नकोत, अरण्य नको, असे आम्ही म्हणत नाही. आमच्याच नळाला त्या पाण्याची धार होती, आणि बिबट्यालाही राहावयास जागा हवी. परंतु प्रत्येक वेळी कोणी तरी प्रथम नकाशावर बोट ठेवून 'ही जागा मोकळी आहे' असे म्हटले असले पाहिजे, आणि ते म्हणणारा बहुधा आमच्यासारखाच, एका सकाळपुरता आलेला, चांगल्या मनाचा गृहस्थ असला पाहिजे. आमचा लेख चार-पाचशे लोकांनी वाचला असेल. त्याने कोणाचे घर गेले असे नाही. परंतु ज्या शब्दाने घरे जातात तो शब्द आम्ही सुंदर म्हणून वापरला होता.

यावर कोणी म्हणेल, मग पहिल्या भेटीविषयी लिहूच नये काय? जे लोक असे म्हणतील त्यांच्यासाठी आम्ही तीन जुन्या प्रवाशांची साक्ष काढतो. त्यांतील दोघे चीन देशाचे होते.

फाहियान इ. स. ३९९ मध्ये चीनमधून निघाला आणि बुद्धाच्या देशात वर्षानुवर्षे हिंडला. त्याच्या वृत्तांतात दक्षिणेकडील एका डोंगरात खोदलेल्या पाच मजली विहाराचे वर्णन आहे. तळचा मजला हत्तीच्या आकाराचा, वर सिंह, वर घोडा, वर बैल, आणि माथ्यावर पारवा, शेकडो खोल्या, शिखरावर झरा, त्याचे पाणी प्रत्येक खोलीसमोरून वळसे घेत मजल्यामजल्याने उतरते आणि शेवटी दारातून बाहेर पडते. भोवतालचा मुलूख ओसाड असून वस्ती दूर आहे, असेही तो लिहितो. हे वर्णन कान्हेरीचेच असे म्हणण्यास आधार नाही. आम्हांस त्यातील दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. त्या दक्षिण देशाच्या वाटा बिकट आहेत, जाणाऱ्याने तेथील राजास द्रव्य द्यावे लागते, मग तो वाटाड्ये देतो. मला जाता आले नाही, तेथल्या लोकांनी सांगितले ते मी लिहिले, असे फाहियान स्वच्छ सांगून टाकतो. हत्ती-सिंहांचे मजले कदाचित सांगणाऱ्यांची भर असेल. पण हे वर्णन कोणाच्या तोंडचे, हे वाचकास कळते, आणि मग त्यावर किती विसंबावयाचे हे त्याचे त्याला ठरविता येते. आम्ही स्वतः जाऊन, डोळ्यांनी पाहून लिहिले, आणि फाहियानाने न जाता लिहिले. तरी दोघांत अधिक प्रामाणिक तोच ठरतो.

ह्युएनत्संग मात्र महाराष्ट्रात खरोखर आला, सातव्या शतकात, पुलकेशीच्या राज्यात. त्याने आमच्या पूर्वजांविषयी लिहिलेले शाळेतील प्रत्येक मुलास पढविलेले असते: हे लोक सरळ आणि मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान सोसत नाहीत, संकटात कोणी हाक मारली तर स्वतःचे भान विसरून धावतात, आणि सूड घ्यावयाचा तरी आधी शत्रूस सावध करतात. तो येथे किती दिवस राहिला? किती जणांशी बोलला? कोणत्या भाषेत? हे प्रश्न आम्ही कधी विचारले नाहीत. एका परक्या प्रवाशाचे ओझरते मत आम्ही चौदाशे वर्षे प्रमाणपत्रासारखे चौकटीत लावून ठेविले आहे, कारण ते गोड आहे. त्याच पानावर युद्धापूर्वी वीरांना आणि हत्तींना दारू पाजण्याची गोष्टही आहे. ती भाषणांत फारशी ऐकू येत नाही. दुसऱ्याने आपल्याविषयी एका दृष्टिक्षेपात कडू मत बनविले तर आपण त्यास उथळ म्हणतो, आणि गोड बनविले तर सूक्ष्मदर्शी म्हणतो. ही लबाडी जोवर आपण करतो, तोवर पहिल्या भेटीच्या मतांविरुद्ध तक्रार करण्याचा आपणांस फारसा अधिकार नाही.

तिसऱ्याची गोष्ट सर्वांत विलक्षण आहे. पोर्तुगीजांच्या हाती १५३४ साली वसई आणि साष्टीचा प्रदेश आला. त्यांच्या पाद्र्यांनी कान्हेरीच्या चैत्यगृहाचे ख्रिस्ती मंदिर केले. डोंगराच्या पोटात न संपणारे भुयार आहे अशा समजुतीने त्यांच्यातील काहीजण दोर घेऊन दिवसच्या दिवस आत भटकले आणि शेवट न सापडता परतले, असे त्यांचा इतिहासकार दिओगो दो कुतो सांगतो. हे सारे आपण अपेक्षिले असते तसेच आहे: जेथे जावे तेथे आपले देऊळ करावे, आणि जे समजत नाही त्याचे गूढ बनवावे. परंतु याच कुतोने साष्टीतील जुन्या लोकांस विचारले, हे कोणी बांधले? त्यांनी सांगितले ते असे की, एका राजाने आपल्या पुत्रास जगाचे दुःख दिसू नये म्हणून त्यास एकांतात वाढविण्यासाठी हे बांधविले. कुतो चमकला. ही तर त्याच्या धर्मातील संत जोसाफातची कथा! युरोपात शतकानुशतके भक्तिभावाने वाचली जाणारी ही कथा एका राजपुत्राची होती, ज्याने जरा, व्याधी आणि मरण पाहून राज्य सोडले. कुतोने आपल्या ग्रंथात जोसाफात आणि बुद्ध यांचा संबंध जोडला. आज आपणांस ठाऊक आहे की 'जोसाफात' हे नावच 'बोधिसत्त्व' या शब्दाचे, अरबी वगैरे भाषांतून फिरत-फिरत झालेले रूप आहे. बुद्धाची कथा अर्धे जग हिंडून, ख्रिस्ती संताचा वेष घेऊन, पोर्तुगीज माणसाच्या डोक्यात बसून बुद्धाच्याच डोंगरावर परत आली होती.

या गोष्टीवर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. कुतो परक्या ठिकाणी आला आणि त्यास तेथे आपलाच संत दिसला. शिंपल्यावरच्या रुप्याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. आणि तरी ते रुपे बऱ्याच अंशी खरे निघाले. असे का व्हावे? योगायोग तर आहेच. परंतु आमच्यात आणि त्याच्यात एक भेद आहे. त्याने कोणास तरी विचारले. त्याच्या समाजाने त्याच लोकांचे देव फोडले, देवळे पाडली, हे खरेच आहे, आणि त्या एका प्रश्नाने त्याचे परिमार्जन होत नाही. तरीही कान्हेरीविषयी त्याच्या हाती जे थोडे सत्य लागले, ते साष्टीतील म्हाताऱ्यांच्या तोंडून लागले. आम्ही मराठी, बोरिवलीचे रहिवासी, बुद्धाचे चरित्र वाचलेले. आम्ही त्या सकाळी कोणासही काही विचारले नाही. टोपल्या घेऊन बसलेल्या बाया त्या दिवशीही असतील. आम्हांस त्या आठवतसुद्धा नाहीत.

दुसऱ्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे, नाही तर आम्ही आमच्या पहिल्या भेटीवर अन्याय करू. सवय ही काही पहिल्या भेटीहून शहाणी असतेच असे नाही. बोरिवलीहून रोज सकाळी लाखो माणसे दक्षिणेकडे जातात. गाडीत खिडकी मिळाली तर त्यांना पूर्वेस हा डोंगर दिसतो. त्यांतील कित्येकांनी जन्मात तेथे पाऊल ठेविलेले नाही, आणि ठेविले ते शाळेच्या सहलीत, माकडांना चणे टाकण्यासाठी. रोज पाहणाऱ्यास दिसेनासे झालेले, नवख्यास एका क्षणात दिसते. पहिल्या दिवशी त्या ओसरीत आमचे पाऊल थबकले, ते थबकणे खरे होते. त्यानंतर दहा-पंधरा वेळा गेलो, तसे पुन्हा थबकले नाही. जर पहिल्या वेळी थबकलो नसतो, तर पुढे शिलालेख वाचावयास कशाला बसलो असतो? त्या पहिल्या क्षणाचे ऋण आम्ही नाकारीत नाही. तो क्षण आणि त्या रात्री लिहिलेला लेख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच आम्हांस उशिरा कळले.

कान्हेरीतच एका लेण्यात, आजच्या क्रमाने ९०व्यात, पहलवी लिपीतील काही लेख आहेत. १००९ आणि १०२१ या साली काही पारशी मंडळी हे स्थान पाहावयास आली होती. त्यांनी तेथे आपली नावे, वडिलांची नावे आणि यज्दगर्दी सनाप्रमाणे दिवस, महिना व वर्ष कोरून ठेविले. इराणमधून निघालेल्या एका समाजाच्या लोकांनी, दुसऱ्या धर्माच्या या स्थानी, तेव्हा भिक्षूंची वस्ती ओसरत आली असेल अशा काळी यावे, हे मोठे हृदयस्पर्शी आहे. त्यांना काय वाटले? ते त्यांनी लिहिले नाही. आम्ही कोण, आणि कोणत्या दिवशी आलो, एवढेच लिहिले. आता त्या लेखांस संरक्षण आहे आणि पंडित त्यांवर निबंध लिहितात. शेजारच्या भिंतीवर कोळशाने नाव लिहिणाऱ्या पोरास मात्र पहारेकरी हाकलतो. हाकलावे हेच योग्य, यात शंका नाही. पण आमचा तो लेख आणि ते पहलवी लेख शेजारी ठेवून पाहिले म्हणजे, भिंत खराब कोणी केली याचा आम्हांस कधीकधी संभ्रम पडतो.

गेल्या आषाढात आम्ही पुन्हा गेलो. गुडघे कुरकुरत होते, म्हणून फार वर चढलो नाही. एका लेण्याच्या ओसरीत पावसातून आडोशाला बसलो. समोर कातळावरून पाणी पन्हळींतून उतरत होते. जेथे वळवावयाचे तेथे वळत होते, टाक्यात पडत होते, आणि टाके भरल्यावर कडेवरून खालच्या खोलीकडे निघत होते. ज्यांनी ती पन्हळ खोदली ते जाऊन इतकी शतके झाली, आणि पाणी अजून त्यांचे ऐकत होते. फाहियानास लोकांनी सांगितलेले ते वळसे घेणारे पाणी आम्हांस आठवले. हे ते नव्हे, परंतु असेच काही पाहिलेल्या माणसाने ते सांगितले असेल.

परतताना वाटेवर टोपली घेऊन बसलेली एक तरुण मुलगी होती. काकड्या होत्या. तिला आम्ही विचारले की पाडा कोणत्या बाजूस. तिने ओल्या झाडीकडे बोट केले. आम्हांस काही दिसले नाही. तसे म्हणताच ती हसली आणि म्हणाली, "पावसात नाही दिसायचा, आजोबा. धूर निघाला की दिसतो." आम्ही छत्री मिटवून तिच्या ताडपत्रीखाली उभे राहिलो. सायंकाळ होत आली होती. शेवटची बस खाली उभी होती, आणि चालकाने एकदा भोंगाही वाजविला. परंतु झाडीतून धूर अजून निघाला नव्हता.